दणका कुठे असतो? मेटलचा किक ड्रम आणि रेसिपी वाचायची सवय

मेटल संगीताचं मिक्सिंग शिकवणारं काहीही उघडा, किक ड्रमसाठी साधारण एकच रेसिपी सापडते. ६० हर्ट्झच्या आसपास थोडं वाढवा, ४०० च्या आसपास कापा, ४,००० ला पुन्हा वाढवा, कॉम्प्रेसर लावा, आणि एवढं करूनही जीव येत नसेल तर वरून तयार सँपल चढवा. झालं. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण सांगाडा हाच.

या लेखात मला या रेसिपीचं परीक्षण करायचंय. ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. बऱ्याचदा ती चालते. माझी तक्रार अशी की ती का चालते आणि कधी चालणार नाही, हे तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना लवकरच पेपरांचा ढीग उपसायचा आहे, आणि त्यातल्या बऱ्याच पेपरांत 'मेथड' नावाचा भाग अगदी याच थाटाचा असतो. ८० अंशांना दोन तास, मग ४०० अंशांना ॲनिलिंग. ८० च का? दोनच तास का? तर आधीच्या पेपरात तसं होतं म्हणून. माझा विषय पातळ फिल्म्सचा आहे, ध्वनीचा नाही. पण मेटल मी बारावीपासून ऐकतोय आणि रेसिपीचं दुखणं दोन्हीकडे सारखंच दिसतं.

ज्यांनी मेटल ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. किक म्हणजे ड्रमसेटमधला जमिनीवर आडवा ठेवलेला सगळ्यात मोठा ड्रम, साधारण २२ इंच व्यासाचा. तो पायाने पेडल दाबून वाजवतात. मेटलमध्ये दोन पेडल असतात आणि दोन्ही पाय आलटूनपालटून चालतात. इथूनच सगळा घोळ सुरू होतो.

आता एक साधं गणित करू. कागद घ्यायचीही गरज नाही. गाण्याचा वेग मिनिटाला २०० बीट्स. एका बीटमध्ये किकचे चार ठोके. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ०.०७५ सेकंद, ७५ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन पूर्ण व्हायला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. मग दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत किती आवर्तनं बसली? साडेचार. बस्स. खर्जातला घुमारा उठतो न उठतो तोच पुढचा ठोका त्याच्या डोक्यावर बसतो. घुमारा लांब ठेवलात तर ठोके एकमेकांत वितळतात आणि खाली एक सलग गुरगुर उरते, जिच्यात ठोका असा ऐकूच येत नाही. आखूड ठेवलात तर ठोके सुटे होतात, पण खर्ज खर्जासारखा वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला मिळत नाही.

हे कुठल्या मशीनच्या किंवा प्लगिनच्या मर्यादेमुळे होत नाही. डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये हे नीट मांडलं: एखादी घटना वेळेत जितकी नेमकी पकडायची, तितकी ती वारंवारतेत पसरट होते. क्वांटममधला हायझेनबर्ग आठवत असेल, तेच गणित. ठोका नेमका कधी पडला हे कानाला दोन-चार मिलिसेकंदांच्या अचूकतेने कळवायचं असेल तर ती माहिती ६० हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात मावतच नाही. ती वरच्या पट्ट्यांतूनच यायला हवी. रेसिपीतले ते ४,००० हर्ट्झ इथून येतात. किकच्या चामड्यावर, म्हणजे हल्ली प्लॅस्टिकच्या पडद्यावर, पेडलचा गोळा आदळतो तेव्हा 'टक्' असा क्षणभराचा आवाज होतो. गोळा जितका कठीण, तितका स्पर्शाचा काळ कमी. स्पर्श जितका कमी काळ, तितका आवाज वरच्या वारंवारतांपर्यंत पसरतो. गोळा जिथे आदळतो तिथे नाणं किंवा प्लॅस्टिकचा कडक तुकडा चिकटवायची जुनी युक्ती आहे, ती याचसाठी. आणि आपला कानही तिथेच हळवा: कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर, एका टोकाला बंद, तिचा अनुनाद ३,००० ते ३,५०० हर्ट्झच्या घरात येतो. अकरावीच्या फिजिक्समधली बंद नळी, दुसरं काही नाही.

म्हणजे रेसिपीत दोन वेगळी कामं शेजारी शेजारी लिहिली आहेत, पण ती वेगळी आहेत हे सांगितलेलं नाही. खालचा भाग वजन देतो, वरचा भाग वेळ सांगतो. वेग वाढला की वजनाला जागा कमी पडते आणि सगळा भार 'टक्'वर जातो. तरी रेसिपीत गाण्याचा वेग हा घटक कुठेच नाही.

हे पटत नसेल तर गणपतीत सोलापुरात फिरा. मिरवणूक दोन-तीन गल्ल्या लांब असते तेव्हा फक्त धडधड ऐकू येते. काहीतरी मोठं येतंय एवढं कळतं, पण ताल कुठला चाललाय ते सांगता येत नाही. खालच्या वारंवारता घरांना वळसा घालून पोचतात, वरच्या भिंतींत आणि हवेत विरतात. मिरवणूक कोपऱ्यावर आली की ताशाची तर्री मोकळी होते, लेझीमची छुमछुम मिसळते, आणि तोच ढोल एकदम तालात आल्यासारखा वाटतो. ढोल तोच असतो. आपल्याला वेळ सांगणारा आवाज पोचलेला असतो, एवढंच.

ढोल-ताशाच्या पथकाने हा प्रश्न किती सोपा करून ठेवलाय बघा. वजनाचं काम ढोलाकडे, वेगाचं ताशाकडे. ढोल मोजके ठोके मारतो, त्यांना घुमायला जागा मिळते. मधली सगळी बारीक विणकाम ताशाच्या दोन काड्या करतात. ढोलावर टिपरू आणि हात अशी जोडी असते, त्यातही एक बाजू कडक, एक बाजू घुमणारी. मेटलने मात्र ताशाचं काम ढोलाच्याच गळ्यात घातलं. एकच ड्रम, त्यानेच घुमायचं आणि त्यानेच तर्री काढायची. मिक्सिंगची निम्मी डोकेदुखी या एका निर्णयातून जन्माला आली आहे, आणि माझ्या मते मेटलच्या किकचं जे काही वेगळं सौंदर्य आहे तेही त्यातूनच.

आता प्रत्यक्ष रेकॉर्डकडे. किकवरून सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेला अल्बम म्हणजे मेटॅलिकाचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. निर्मितीत बँडबरोबर फ्लेमिंग रासमुसेन, मिक्स स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांचं. किक कोरडी, टकटकणारी, आणि बास गिटार जवळजवळ गायब. मग १९९१ मध्ये बॉब रॉकच्या हाताखाली काळ्या कव्हरचा अल्बम आला, किक जाड आणि भारदस्त झाली, आणि गोष्ट कायमची ठरून गेली: आधीच्यांना जमलं नाही, बॉब रॉकला जमलं.

मला हा निष्कर्ष कच्चा वाटतो. 'एंटर सँडमन'चा वेग मिनिटाला १२३ बीट्सच्या आसपास आहे. तिथे बीटमागे दोन ठोके धरले तरी मध्ये २४४ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे ६० हर्ट्झची चौदा-पंधरा आवर्तनं. एवढ्या जागेत किक जाड करणं फारसं अवघड नाही. १९८८ च्या अल्बममधलं 'डायर्स ईव्ह' घ्या, पाय अक्षरशः धावतायत. तिथे १९९१ ची किक आणून बसवली तर नुसता चिखल होईल. दोन अल्बममध्ये निर्माता बदलला, वेग बदलला, किकच्या ठोक्यांची संख्या बदलली, बास गिटार परत ऐकू यायला लागली. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकाला दिलं. तुमच्या प्रबंधात असं केलंत तर परीक्षक पहिल्याच पानावर अडवतील.

माझं मत विचाराल तर १९८८ च्या त्या 'टक्'ला मी दोष देणार नाही. वेगवान गाण्यांत ती किक जे करायला हवं तेच करते. खरा अपराध बास गिटार काढून टाकण्याचा आहे, कारण एवढी कोरडी किक उभी राहायला खाली काहीतरी सलग लागतं, आणि तेच नेमकं नाही. त्याच अल्बममधल्या 'हार्वेस्टर ऑफ सॉरो'सारख्या संथ गाण्यात हे उघडं पडतं. तिथे किकला भरपूर जागा आहे, तरी ती रिकामीच वाजते. एकच सेटिंग सगळ्या गाण्यांना लावल्यासारखं. माझ्या कानाला तरी हा मिक्स संथ गाण्यांत नापास आणि वेगवान गाण्यांत पास आहे, आणि लोक दोन्हीचा निकाल एकाच शब्दात लावतात.

आपल्याकडे यावं तर मुंबईचा डेमोनिक रेसरेक्शन. २००० साली साहिल मखिजाने सुरू केलेला बँड, २०१० चा 'द रिटर्न टू डार्कनेस', २०१७ चा 'दशावतार', ज्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांची दहा गाणी आहेत. या बँडची अडचण मेटॅलिकापेक्षा अवघड आहे. गिटार, बास, गुरगुरणारा आवाज, मध्येच स्वच्छ गाणं, आणि सगळ्यावर कीबोर्डचे ऑर्केस्ट्रासारखे थर. किकला जागा द्यायची कुठून? साध्या सुरावटीतल्या गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची. मेटलमध्ये ती अनेकदा उतरवतात, सात तारांच्या गिटारवर ६२ च्या जवळ जाते. म्हणजे रेसिपीतले ६० हर्ट्झ वाढवलेत की तुम्ही किकबरोबर गिटारच्याही पायावर पाय देता. वर ४,००० ला झांजा, गिटारची करवत आणि शब्दांची व्यंजनं बसलेली. मानसध्वनिशास्त्रात याला मास्किंग म्हणतात: जवळच्या वारंवारतेचा मोठा आवाज छोट्याला गिळतो. किक वाढवून भागत नाही, दुसऱ्या कोणालातरी सरकवावं लागतं.

'दशावतार'च्या वेगवान भागांत किक मला स्पष्ट वाटते, जड नाही, आणि हे मी मुद्दाम कौतुक म्हणून लिहितोय. एवढ्या गर्दीत जडपणाचा हट्ट धरला असता तर ठोके हरवले असते. संथ, पसरट भागांत मात्र तीच किक जरा कोरडी राहते. तिथे घुमाऱ्याला जागा असते, ती घेतलेली दिसत नाही. निर्मितीवर परदेशी मोठ्या स्टुडिओंसारखे पैसे नसताना हा अल्बम जिथे पोचलाय ते कमी नाही, पण कौतुक करताना कान बंद करायचं कारण नाही.

सँपलबद्दल एक बाजूची गोष्ट. रेकॉर्ड झालेला प्रत्येक ठोका काढून त्या जागी एकच निवडक, सुंदर ठोका बसवणं ही मेटलमधली सर्रास पद्धत आहे. स्वीडनच्या मेशुगाने तर २००५ च्या 'कॅच थर्टीथ्री'मध्ये सगळे ड्रम प्रोग्राम केले, आणि ते ड्रमरला न विचारता नाही. त्यांच्या स्वतःच्या टॉमस हाकेच्याच ड्रमच्या आवाजांवरून तयार झालेलं सँपलचं सॉफ्टवेअर वापरून. त्या अल्बमची तीच यांत्रिकता मला आवडते. पण आपल्या धंद्यात हेच केलं, पाच नमुन्यांतला सगळ्यात देखणा आलेख उचलून बाकी चारांच्या जागी चिकटवला, तर त्याला दुसरं नाव आहे आणि नोकरी जाते. संगीतात कोणी मोजमापाचा दावा करत नाही, म्हणून तिथे चालतं.

सँपल चढवताना रेसिपी न सांगणारी अजून एक गोष्ट आहे, आणि तिच्यात नवशिक्यांचा खर्ज बुडतो. मूळ ठोका आणि सँपल यांच्यात ८ मिलिसेकंदांचा फरक राहिला असं समजा. ६० हर्ट्झचं अर्धं आवर्तन ८.३ मिलिसेकंदांचं. म्हणजे एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार जवळपास समोरासमोर येतात आणि एकमेकांना खातात. वजन वाढवायला म्हणून दुसरा आवाज घातला आणि होतं तेही गेलं. मग माणूस ६० हर्ट्झ आणखी वाढवतो. तरंगांची बेरीज-वजाबाकी आपण सगळेच बीएस्सीला शिकलोय, पण इथे ती लावायची असते हे सुचायला पाहिजे. याउलट ड्रमच्या आत एक आणि बाहेर एक असे माईक ३० सेंटीमीटर अंतरावर असतील तर फरक जेमतेम ०.९ मिलिसेकंद पडतो. त्याने ६० हर्ट्झला काही होत नाही, भगदाड पडतं ते ५७० च्या आसपास. दोन्हीला 'फेजचा प्रॉब्लेम' असं एकच नाव देतात, उपाय मात्र वेगळे आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठीच मी हे लिहायला घेतलं. रेसिपी चालली हे ठरवता कसं? बटण फिरवायचं, ऐकायचं, 'हां, आता बरं वाटतंय'. पण वाढवलं की आवाज मोठा होतो, आणि दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज माणसाला चांगला वाटतो. ही सवय इतकी पक्की आहे की तुलना करण्याआधी दोन्हींची तीव्रता सारखी करणं हा पहिला नियम मानतात. तीव्रता मोजायला आयटीयूचं बीएस १७७० हे प्रमाण आहे, फुकटचं सॉफ्टवेअरही मिळतं. त्यात कानाचा आणखी एक गुण मिसळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात खर्ज आपल्याला फार कमी ऐकू येतो. आजच्या प्रमाणित वक्रांनुसार १,००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जेवढा मोठा वाटतो, तेवढंच वाटायला ६३ हर्ट्झच्या सुराला सुमारे ७३ डेसिबल लागतात. हॉस्टेलच्या खोलीत रात्री रूममेट झोपलेला असताना जो किकचं वजन ठरवतो, तो खरं तर आपल्या कानाच्या वक्राची दुरुस्ती करत बसलेला असतो. आणि मोबाईलचा स्पीकर ६० हर्ट्झ वाजवतच नाही, तिथे उरतो तो फक्त 'टक्'.

तीव्रतेचा हा खेळ अख्ख्या अल्बमवर झाला की काय होतं, याचा सुंदर दाखला पुन्हा मेटॅलिकाचाच आहे. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' सीडीवर इतका दाबून मोठा केलेला आला की ड्रमचे ठोके छाटले गेले. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेमसाठी आली ती कमी दाबलेली होती, आणि ऐकणाऱ्यांना फरक लगेच कळला. वादन तेच, रेकॉर्डिंग तेच, बदललेली गोष्ट जवळपास एकच. १९८८ विरुद्ध १९९१ पेक्षा ही तुलना कितीतरी स्वच्छ आहे. दणका म्हणजे ठोक्याचं शिखर आणि भोवतालची सरासरी यांतला फरक; सगळंच शिखरापर्यंत चढवलं की शिखर उरत नाही.

मग चांगली चाचणी कशी असेल? एकाच गाण्याचे दोन मिक्स, एकात ६० हर्ट्झ वाढवलेले, दुसऱ्यात नाही, तीव्रता सारखी केलेली. नावं झाका. मित्राला सांगा, नाणं टाकून तिसरा आवाज लाव, आणि तो पहिला आहे की दुसरा हे तुम्ही ओळखा. असं १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे, द्विपद वितरणाने स्वतः काढून बघा. नेट-सेटला तसंही येतं. १२ च्या खाली आलात तर 'फरक नाही' हे सिद्ध होत नाही, एवढंच कळतं की या चाचणीत तो दिसला नाही. हा फरक पाठ करून ठेवा, व्हायव्हात विचारतात.

सराव म्हणून एक अल्बम सुचवतो. साहिल मखिजाचाच डेमोनस्टीलर या नावाने २०२३ मध्ये आलेला 'द प्रोपगंडा मशीन'. संगीतकार एक, अल्बम एक, पण ड्रमर अनेक. हॅनेस ग्रॉसमन आणि क्रिम्ह हे त्यातले दोन. कुठल्या गाण्यावर कोण आहे हे आधी बघू नका. आधी फक्त किक ऐका आणि गाण्यांचे गट पाडायचा प्रयत्न करा. मग तेच हातांच्या वादनावरून करा, स्नेअर आणि झांजांवरून. दोन्ही यादी अल्बमच्या श्रेयनामावलीशी ताडून बघा. माझ्या कानाला ड्रमरचं वेगळेपण पायांपेक्षा हातांत जास्त सापडतं. तसं असेल तर ते पायांचं साम्य आहे, मिक्सचं आहे की वेगामुळे उरलेल्या त्या ७५ मिलिसेकंदांचं, हे या अल्बमवरून ठरवता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक ड्रमरकडून एकच गाणं वाजवून घ्यावं लागेल.